पाच वाजताची सकाळ

अप्पांचं हिमोग्लोबिन एकोणीस पूर्णांक चार आलं, आणि आईने ती बातमी सगळ्यांच्या फोनवर अशी पोचवली की जणू घरातलं कोणीतरी परीक्षेत पहिलं आलं होतं. तपासणीच्या कागदाचा फोटो, त्यावर बोटाने काढलेलं लाल वर्तुळ आणि खाली तिचं वाक्य: ‘वय त्रेसष्ट, रक्त पंचविशीचं! कोणाची दृष्ट लागू नये.’ काकांनी लगेच टाळ्या पाठवल्या. काकांच्या चिमीने फुगवलेल्या दंडाचं चित्र पाठवलं.

कलमताईने काहीच पाठवलं नाही. शनिवार होता, कार्यालय अर्धा दिवस. तिने टेबलावरचा मसुदा पिशवीत कोंबला, घरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलली आणि दीडची बस धरली.

तिला कलमताई म्हणायला लागले ते ती बारा वर्षांची असताना. न्हाणीघरात आधी कोणी जायचं याचे नियम तिने कलमवार लिहून दाराला चिकटवले होते. पुढे ती खरोखरच औषध नियंत्रण कार्यालयात लागली आणि थट्टेतलं नाव पगारी झालं. गेली तीन वर्षं ती एकाच मसुद्यावर बसली होती: उतारवयातल्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉनच्या सुया आणि मलमं कोणी द्यायची, कोणाला द्यायची, आधी काय तपासायचं आणि कधी थांबवायचं. कारण ‘पुन्हा तिशी’सारखी केंद्रं दर चौकात उगवली होती. ती दहा प्रश्नांचा एक कागद पुढे करत. थकवा येतो का, चिडचिड होते का, जेवल्यावर डुलकी लागते का? चिमीने एकदा गंमत म्हणून तो कागद भरला, तर दहापैकी नऊ गुण मिळाले. वय सव्वीस, तीही मुलगी.

मसुदा मंगळवारी पक्का होणार होता. दुरुस्ती सुचवायची असेल तर सोमवार शेवटचा. आणि सोमवारीच अप्पांची पुढची सुई होती.

बसमध्ये तिला एकच गोष्ट बोचत राहिली. मागच्या भेटीत अप्पांचा लालबुंद चेहरा पाहून ती स्वतःच म्हणाली होती, “अप्पा, काय छान दिसताय!” भट्टीसमोर आयुष्य काढलेल्या माणसाचा चेहरा लाल असणारच, असं सगळ्यांप्रमाणे तीही धरून चालली होती.

ती जिना चढून वर आली तेव्हा पाच वाजून गेले होते. खाली बेकरी, वर घर. स्वयंपाकघराची एक भिंत बारा महिने कोमट. अप्पा नुकतेच उठून दात घासून टेबलाशी बसले होते. रात्रभर भट्टीवर पाव काढायचे, सकाळी दहाला झोपायचं आणि पाचला उठायचं, हा क्रम आजोबांच्या वेळेपासूनचा. काका दिवसा खाली गल्ल्यावर बसत. ते दुकान पोऱ्यावर न सोपवता थोडा वेळ शटर ओढून वर आले होते, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्यांनाही कळलं होतं.

“आलीस? बस,” अप्पा म्हणाले. “पाव घे. चिमीच्या हातचा आहे.”

“अप्पा, सोमवारची सुई घ्यायची नाही.”

“अगं, आधी पाणी तरी पी,” आई म्हणाली.

“पिते. पण सुई नाही. डॉक्टरांशी बोलले मी. सोमवारी पहिला नंबर लावलाय. तोवर डोकं दुखलं, धाप लागली, पाय सुजला, तर मला न विचारता सरळ दवाखान्यात जायचं.”

“एवढं काय झालं?” आईचा चेहरा उतरला. “एकोणीस आलंय. मला कधी दहाच्या वर आलं नाही.”

“आई, ते मार्क नाहीत. जास्त म्हणजे चांगलं असं नसतं त्यात. त्या सुयांनी रक्त घट्ट झालंय त्यांचं. चिमे, पिठात पाणी कमी पडलं तर मळायच्या मशीनचं काय होतं?”

चिमी दाराला टेकून उभी होती. कोपरापर्यंत पीठ. “घरघरतं. गरम होतं.”

“आणि तसंच चालवलं तर?”

“मोटर जळते,” चिमी म्हणाली आणि तिने अप्पांकडे पाहिलं.

आईने फोन हातात घेतला. “मी शेजारच्या दोघींनाही पाठवलाय गं तो फोटो.”

अप्पा मात्र हसले. उठून आत गेले आणि उशीखालून कागदांचा गठ्ठा घेऊन आले. कलमताईने तो लांबूनच ओळखला. तिचाच मसुदा होता, लोकांच्या हरकतींसाठी जाहीर केलेला. पानापानावर पेन्सिलच्या रेघा होत्या.

“कलम चार,” अप्पा म्हणाले. “वाच मोठ्याने.”

“मला पाठ आहे, अप्पा.”

“यांना नाही ना. वाच.”

तिने वाचलं. “दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आठ ते दहा या वेळेत रक्त घ्यावे, आणि दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण कमी आढळल्यासच उपचार सुरू करावेत.”

“माझं रक्त किती वाजता घेतलं? नऊला. दोन्ही वेळा.” त्यांनी दोन जुने कागद तिच्यासमोर ठेवले. “दोन्ही वेळा कमी. केंद्रवाले एकदाच घेत होते हं. मीच म्हटलं, चालायचं नाही, आमची मुलगी दोनदा म्हणते. तो पोरगा वैतागला, पण मी हललो नाही.”

कलमताईला हसावं की रडावं कळेना. तीन वर्षांत तिच्या मसुद्यावर दोनशे हरकती आल्या होत्या. तो शब्दन्‌शब्द पाळणारा, त्यासाठी परक्या माणसाशी वाद घालणारा मनुष्य तिला पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो तिचा बाप होता.

“पण कलम अकरा आहे ना, अप्पा. रक्त घट्ट झालं की थांबवायचं.”

“थांबवू. दोन महिने थांबवू, मग कमी डोस घेऊ. पण मला ते लागतं, हे तर चारने ठरलं. मला उगाच थेरं करणारा म्हातारा समजू नका. मी खरा पेशंट आहे, धाकट्यासारखा.”

“बरोबर आहे दादाचं,” काका म्हणाले. सहा वर्षांपूर्वी काकांच्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी गाठ निघाली होती. ती काढताना तिथल्या ग्रंथीचं काम गेलं ते गेलंच. तेव्हापासून रोज उठल्यावर ते खांद्याला मलम चोळत, आणि त्या मलमानेच त्यांना माणसात आणलं होतं. “आणि खरं सांगू? तुझ्या त्या मसुद्याची मला धास्तीच वाटते. उद्या म्हणाल, साठीच्या पुढे कोणालाच नाही. मग मी काय करू? परत गोधडीत तोंड घालून पडू?”

“काका, तुम्हाला मागच्या महिन्यात मलम का मिळालं नव्हतं?”

“संपलं होतं म्हणे, सगळ्या दुकानांत.”

“कुठे संपलं? केंद्रांनी उचललं. ज्यांना नको त्यांना वाटलं. तुमच्यासारख्यांचं हक्काचं तुम्हाला मिळावं म्हणून तर हा खटाटोप चाललाय.”

काकांनी मान डोलावली, पण त्यांचा पक्ष काही बदलला नाही. “मग दादालाही हक्काचंच आहे. नऊला रक्त दिलंय त्याने.”

“थांबा,” आई म्हणाली.

ती इतका वेळ ते दोन जुने कागद चष्म्याजवळ धरून बघत होती. “हे सकाळचे नऊ?”

“मग काय रात्रीचे?” अप्पा म्हणाले.

“म्हणजे भट्टी आवरून तसेच गेलात? न झोपता?”

“तेव्हाच तर वेळ मिळतो मला.”

“अहो, ती काय तुमची सकाळ? नऊला तुमच्या हातात चहा दिला तर कपावर डुलक्या घेता. तुमची सकाळ आत्ता झाली. हे बघा, तोंडाला पेस्ट अजून तशीच आहे.”

अप्पांनी हनुवटी पुसली. चिमी फसकन हसली. हसली नाही ती फक्त कलमताई.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक झोपेत वाढतं. माणूस उठतो तेव्हा ते सर्वांत जास्त असतं आणि मग दिवसभर उतरत जातं. म्हणून रक्त सकाळी घ्यायचं. हे तिने समितीपुढे, पत्रकारांपुढे, केंद्रांच्या वकिलांपुढे किमान चाळीस वेळा सांगितलं होतं. सांगितली झोप आणि लिहिलं घड्याळ. रात्रभर जागलेल्या माणसाचं रक्त नऊला घेतलं तर ते कमीच येणार. अप्पांचं आलं तसं रात्रपाळीच्या कामगारांचं येणार, पहारेकऱ्यांचं, ट्रक चालवणाऱ्यांचं येणार. केंद्रं त्यांना राजरोस सुया टोचतील आणि वर तिचंच कलम दाखवतील.

आणि हे तिला सुचू नये! ज्या घरात दुपारभर पायमोजे घालून चालावं लागे, ज्या घरात ‘सकाळी बोलू’ म्हणजे संध्याकाळी बोलू, त्या घरात ती वाढली होती. शाळेत असताना तिला याची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील संध्याकाळी कामावरून यायचे आणि हिचे वडील तेव्हा उठून दात घासायचे. म्हणून ती कोणाला घरी आणत नसे. दिवसाची नोकरी लागली तेव्हा तिला मनापासून हायसं वाटलं होतं. आणि ती दिवसाची माणूस इतकी पक्की झाली की बापाची सकाळ पार विसरून बसली. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

“अप्पा, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “कलम चार चुकलंय.”

हे ऐकून अप्पांना आनंद व्हायला हवा होता. पण ते गोंधळले. “म्हणजे माझं कमी नव्हतंच?”

“माहीत नाही. आता सुया चालू असताना कळणारही नाही. बंद करून, काही महिने थांबून, नीट झोप झाल्यावर उठल्या उठल्या तपासलं तर कळेल.”

“मग थकत का होतो मी? ते तर खोटं नव्हतं. पिठाची गोण उचलून चार पावलं टाकली की जिन्यावर बसावं लागायचं.”

यावर आईने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी हळूच मान हलवली, नको म्हणून.

“मला खुणा करू नका,” आई म्हणाली. “दीड वर्ष गप्प बसले, आता नाही बसणार. हे झोपतात कुठे? दहाला पडतात. बाराला उठतात, पाय न वाजवता खाली जातात. पाऊण तासाने वर येतात. अडीचला परत तेच.”

“खाली कशाला?” काकांनी विचारलं. “मी गल्ल्यावर असतो. मला कसा दिसला नाही?”

“मागच्या दाराने. पीठ बघायला. चिमीचं, ती तिथे नसताना.”

चिमी दीड वर्षापूर्वी बेकरीत आली तेव्हा तिने सावकाश फुगणारं पीठ सुरू केलं होतं. सकाळी भिजवायचं, दुपारभर झाकून ठेवायचं, मधे दोनदा ताणून घडी घालायची. गिऱ्हाइकं त्या पावासाठी रांग लावत. चिमी पाणी किती, गारवा किती, वेळ किती, सगळं वहीत लिहून ठेवी.

“माझ्या पिठाला तुम्ही हात लावता?” चिमीचा आवाज चढला. “अप्पा, दीड वर्ष? मी वहीत काय लिहितेय मग? कधीकधी घडी आधीच पडल्यासारखी वाटायची, मला वाटायचं आपलं पीठच शहाणं आहे!”

“चिमे, आवाज,” काका म्हणाले.

“बाबा, तुम्ही मधे पडू नका. मला वाटत होतं, मला जमतंय.”

“जमतंय तुला,” अप्पा म्हणाले.

“कसं कळणार? एकदा तरी माझं मला फुगू दिलंत का?”

अप्पा टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, “पहिले दोन-तीन महिने हात लावला. खरंच सांगतो. पीठ सैल पडायचं, तुला कळायचं नाही. मग कळायला लागलं तुला. नंतर नुसता बघून वर यायचो. झाकण उघडायचं, पीठ असं टम्म, हात लावावा असं काही नसायचंच. तरी दुसऱ्या दिवशी परत जायचो. तेच मग जिव्हारी लागायला लागलं. म्हटलं, आता हिला आपली गरज नाही. दोन वर्षांत पोरगी भट्टीही घेईल. आणि आपण गोण उचलली तरी जिन्यावर बसतो. तेव्हाच धाकट्याने त्या केंद्राचं सांगितलं.”

चिमीचा राग एकदम कुठे ठेवावा हे तिला कळेना. ती पिठाचे हात फडक्याला पुसत बसली, पुसून झाले तरी.

“दादा,” काका म्हणाले, “मला सांगायचंस रे. मला औषधाने उभं केलं, म्हणून वाटलं तुलाही करेल. मला काय ठाऊक तू झोपेचं खोबरं करून बसलायस! मी तुला तिथे नेण्याऐवजी अंथरुणाला बांधून ठेवला असता.”

“तरी म्हणत होते मी,” आई म्हणाली.

“तू कधी म्हणालीस, वहिनी?”

“मनात म्हणत होते.”

या वेळी मात्र सगळेच हसले, अप्पासुद्धा.

कलमताई फोन घेऊन गच्चीत गेली. मागच्या सुनावणीला केंद्रांचे तीन वकील आले होते. मसुद्यात एक जरी खोट सापडली तरी सगळाच मसुदा बासनात गुंडाळा, असं म्हणायला ते टपलेलेच होते. आणि त्यांच्या हातात खोट आयती कोण देणार, तर ती. कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. गप्प बसून पुढे सवडीने एखादी सूचना काढता आली असती. तरी तिने समितीच्या अध्यक्षबाईंचा नंबर लावला. त्या निवृत्त डॉक्टर होत्या आणि चूक करणाऱ्याला सोलून काढण्याबद्दल प्रसिद्ध होत्या.

तिने सगळं सांगितलं, अप्पांच्या पेस्टसकट. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. बाई हसत होत्या.

“वीस वर्षं रात्रपाळ्या केल्यात मी,” त्या म्हणाल्या. “मला सुचायला हवं होतं. वकील बोंबलतील, बोंबलू देत. चुकीचा नियम मंगळवारी करण्यापेक्षा बरोबर नियम पुढच्या महिन्यात करू. सोमवारी दुरुस्ती लिहून आण. आणि वडिलांना आधी डॉक्टरकडे ने.”

ती खाली आली आणि स्वयंपाकघरातच कागद घेऊन बसली. मग काय, सगळं घरच समिती झालं. आईचं म्हणणं, ‘सकाळ’ हा शब्दच काढून टाक, तोच भांडणाचं मूळ आहे. काका म्हणाले, सरळ ‘उठल्यावर’ लिही. चिमीने शंका काढली की कोणी अप्पांसारखं तुकड्यातुकड्याने झोपत असेल तर उठणं नेमकं कोणतं धरायचं? ही शंका चोख होती. कलमताईने तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा लिहिलं आणि वाचून दाखवलं.

“रक्त सलग झोपेनंतर, उठल्यापासून तीन तासांच्या आत घ्यावे. रात्री काम करणाऱ्याच्या बाबतीत घड्याळ पाहू नये. तो ज्या वेळी झोपून उठतो, ती त्याची सकाळ समजावी.”

अप्पा ऐकत होते. “परत वाच,” ते म्हणाले.

तिने परत वाचलं.

“हे छापून येणार?”

“येणार.”

“सगळीकडे लागू होणार?”

“सगळीकडे.”

अप्पांनी कागद हातात घेतला, लांब धरला, स्वतः एकदा वाचला. बापाला आपला अभिमान वाटतोय, हे कलमताईला इतक्या वर्षांत इतकं उघड कधी दिसलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं.

“सुई बंद केली की कसं वाटेल?” त्यांनी विचारलं.

“सुरुवातीला जड जाईल. आधी थकायचात त्याहून जास्त थकाल. अंगाला स्वतःचं संप्रेरक बनवायची सवय मोडलीय, ती परत लागायला काही महिने जातात. डॉक्टर बघतील. आणि तेव्हा तपासून खरंच कमी निघालं, तर तुम्हाला मिळेल. काकांसारखंच.”

अप्पांनी मान हलवली. सात वाजत आले होते. एरवी या वेळी ते अंगात ॲप्रन घालून खाली जात. ते उठले, खुंटीवरचा ॲप्रन काढला आणि चिमीसमोर धरला.

“आजची भट्टी तू लाव.”

चिमीने ॲप्रन घेतला नाही. “आणि तुम्ही?”

“मी झोपतो.”

“आत्ताच तर उठलात!”

“मी खूप दिवस उठलेलाच आहे,” अप्पा म्हणाले.

चिमीने ॲप्रन घेतला. तो तिला गुडघ्याच्या खाली येत होता. तिने नाड्यांचे दोन वेढे घेऊन पोटावर गाठ मारली आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

“उद्या दुपारी खाली यायचं नाही हं, अप्पा. मागच्या दाराने पण नाही.”

“नाही येत.”

“नक्की?”

अप्पा खोलीच्या दारात उभे होते, एक हात चौकटीवर ठेवून. त्यांनी थोडा विचार केला.

“बोलावलंस तर येईन,” ते म्हणाले.